काळपट आलेला अल्बम आणि अर्धवेळ छायाचित्रकाराची शैली

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात आणि गेली दोन वर्षे शनिवार-रविवारी व्यक्तिचित्रे टिपतात. महिन्याला सहा-सात ऑर्डरी असतात. खिडकीतून एका बाजूने येणारा प्रकाश, गडद पार्श्वभूमी आणि शांत चेहरा ही त्यांची आवड. येणारी पार्टी मात्र मोबाइलवर फिकट गुलाबी, लख्ख, गुळगुळीत त्वचेचे फोटो दाखवून ‘अस्सेच हवेत’ म्हणते. गेल्या महिन्यात एका नवरीच्या घरच्यांनी ‘फोटो काळपट आले’ म्हणून अल्बम परत पाठवला. आता शैली बदलावी, दोन शैली सांभाळाव्यात, की हे काम थांबवून फक्त स्वतःपुरते फोटो काढावेत, असे त्यांनी विचारले आहे.

मी कोल्हापुरात एका तंत्रनिकेतनात शिकवतो आणि एकोणीस वर्षे सुट्टीच्या दिवशी व्यक्तिचित्रे करतो. त्यामुळे तुमच्या प्रश्नातली चिडचिड मला ओळखीची आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. शैली बदलू नका. पण तुम्ही ज्याला शैली म्हणता त्यातले खरोखर शैली किती आणि सवय किंवा चूक किती, हे आधी तपासा. दुसरे, महिन्याच्या सात ऑर्डरी दोनवर आणा. तुमच्या शैलीला खरा धोका पार्टीच्या आवडीपेक्षा या सातच्या आकड्याचा आहे.

अल्बमचा विषय आधी घेतो, कारण तो बहुधा शैलीचा नाहीच. दिवसभराचे काम उरकून रात्री अकरा वाजता, खोलीतला दिवा मालवून, लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून आपण फोटो सुधारायला बसतो. त्या झगझगीत पडद्यावर सावलीत गेलेला शालूचा काठही दिसतो आणि केसांची बटही दिसते, म्हणून आपण फोटो आणखी थोडा खाली उतरवतो, म्हणजे गडद करतो, आणि स्वतःवर खूश होतो. कागद मात्र स्वतः प्रकाशत नाही, तो खोलीतला उजेड फक्त परत करतो. पडद्यावर जे खोल आणि गूढ वाटले तेच कागदावर डांबर ओतल्यासारखे येते. २०११ साली मी एका लग्नाचा चाळीस पानी अल्बम असाच छापून दिला होता. नवरीच्या आईने तो दोन मिनिटे चाळला आणि मला एवढेच म्हणाली, “सर, हा शालू जांभळा आहे हो, काळा नाही.” मी घरी येऊन बायकोसमोर लोकांच्या अभिरुचीवर अर्धा तास व्याख्यान दिले. दुसऱ्या दिवशी उन्हात अल्बम उघडून पाहिला, तेव्हा बाई बरोबर होत्या. चाळीसही पाने पदरमोड करून पुन्हा छापली.

याची तपासणी सोपी आहे. खोलीतला नेहमीचा दिवा लावा, लॅपटॉपशेजारी एक कोरा पांढरा कागद उभा धरा आणि पडद्यावर पूर्ण पांढरी पट्टी उघडा. पडद्याचा पांढरा रंग कागदाच्या पांढऱ्यापेक्षा दिव्यासारखा पेटलेला दिसत असेल, तर दोन्ही साधारण सारखे दिसेपर्यंत उजेड कमी करा. बहुतेक लॅपटॉपवर तो अर्ध्याच्याही खाली येतो. मग तोच परत आलेला अल्बम त्या पडद्यावर पुन्हा पाहा. लॅबला पूर्ण अल्बम देण्यापूर्वी सर्वांत गडद तीन फोटोंच्या छोट्या चाचणी प्रती मागवा आणि त्या संध्याकाळी ट्यूबलाइटखाली पाहा, कारण लोक अल्बम पाहुणे आल्यावर ट्यूबलाइटखालीच पाहतात. हे सगळे करूनही फोटो तुमच्या मनासारखे आणि त्यांच्या मनाविरुद्ध गडद राहिले, तर तो शैलीचा प्रश्न आहे आणि पुढचे सगळे उत्तर त्यासाठी आहे.

शैली म्हणजे तयार प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर फोटोला लागणारी रंग-उजेडाची ठरीव मांडणी, नव्हे, हे तुम्हाला सांगायची गरज नाही असे मी धरतो. तरी ‘गडद पार्श्वभूमी ही माझी शैली’ असे जे तुम्ही लिहिले आहे त्यावर थोडे थांबतो. बरीच वर्षे मलाही तसेच वाटत होते. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात एकच मोठी खिडकी होती आणि तिच्यासमोरची भिंत चुलीच्या धुराने काळवंडलेली होती. मी माणसाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर बसवायचो आणि भिंत मागे आठ-नऊ फुटांवर राहायची. प्रकाशाच्या उगमापासून अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो; खिडकी मोठी असल्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागत नाही, पण परिणाम त्याच दिशेने होतो, म्हणून चेहरा उजळ आणि भिंत अंधारी यायची. लोक त्याला माझी शैली म्हणू लागले आणि मीही म्हणू लागलो. पुढे आम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलो. तिथे सगळ्या भिंती पांढऱ्या. एक वर्षभर मी काळे पडदे बांधत बसलो आणि तरीही फोटोंत काही जमेना.

शेवटी एका मे महिन्याच्या सुट्टीत मी मागच्या पाच-सहा वर्षांतले, कोणाकडूनही पैसे न घेता काढलेले आणि मला मनापासून आवडणारे साठ फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून आणले आणि जमिनीवर मांडले. तुम्हीही हे करा. पडद्यावर पाहून चालणार नाही, कारण तिथे एका वेळी एकच फोटो डोळ्यांसमोर असतो आणि प्रत्येक फोटो आपापली वकिली करतो. जमिनीवर मांडले की ते एकमेकांविरुद्ध साक्ष देऊ लागतात. माझ्या साठांपैकी जेमतेम पंचवीस फोटोंची पार्श्वभूमी गडद होती. पण पन्नासाहून अधिक फोटोंत हात दिसत होते. कोणी पदराचे टोक चुरगाळत होते, कोणी तपकिरीची डबी धरली होती, कोणी नुसतेच एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवला होता. आणि जवळजवळ सगळ्या फोटोंत मी माणसापासून एकाच अंतरावर, साधारण पाच-सहा फुटांवर होतो. ही गोष्ट मला कोणी सांगितलेली नव्हती आणि मी कधी ठरवलेलीही नव्हती. पांढऱ्या भिंतीपुढेही हात दिसू शकतात, हे कळल्यावर काळे पडदे माळ्यावर गेले.

मालीमधल्या बामाको शहरात १९४८ साली स्टुडिओ उघडणारा सेदू केइता हा या बाबतीत मला नेहमी आठवतो. मूळचा सुतारकामातला माणूस. दिवसाच्या उजेडात, अंगणात, तो लोकांची व्यक्तिचित्रे काढायचा. पहिला पडदा म्हणून त्याने स्वतःच्या पलंगावरची झालरीची चादर टांगली होती, आणि फिल्म महाग म्हणून बहुतेकदा एका माणसाचा एकच फोटो घ्यायचा. चादर होती म्हणून चादर, एकच फोटो परवडतो म्हणून एकच. पण माणसाला कसे बसवायचे, खांदा किती वळवायचा, हात कुठे विसावायचे, यात त्याने कधी घाई केली नाही आणि ती गोष्ट पडदा बदलला तरी बदलली नाही. तुमच्याकडचे काय गेले तरी तुमचे फोटो तुमचेच राहतील, ते शोधा. ते सापडेपर्यंत पार्टीशी शैलीवरून भांडण्यात अर्थ नाही, कारण तुम्ही नेमके कशासाठी भांडता आहात हेच तुम्हाला माहीत नसते.

आता सात ऑर्डरींबद्दल. एका व्यक्तिचित्राच्या ऑर्डरीला प्रत्यक्ष फोटो काढायला दोन तास लागतात असे धरले, तर आधीचे बोलणे, जाणे-येणे, सामान लावणे-आवरणे, फोटो निवडणे, टचिंग, लॅब आणि पोचवणे मिळून आठ-नऊ तास सहज जातात. सात ऑर्डरींचे साठ तास होतात. महिन्याच्या चार शनिवार-रविवारांत घरच्या कामांसकट ते बसत नाहीत, म्हणून ते तुमच्या झोपेतून निघतात. दमलेला माणूस काय करतो? मागच्या ऑर्डरीचे प्रीसेट पुढच्या ऑर्डरीला चिकटवतो, मागच्या वेळी चाललेली पोझ पुन्हा देतो आणि ‘नंतर कॉम्प्युटरवर बघू’ म्हणत प्रकाशाकडे दुर्लक्ष करतो. शैली मोडण्याची सुरुवात इथे होते. गिऱ्हाईक त्यानंतर येते.

पूर्णवेळ छायाचित्रकाराला ही चैन नसते, हे लक्षात घ्या. त्याला घरभाडे, दोन मदतनीस, कॅमेऱ्याचा हप्ता आणि पावसाळ्याचे रिकामे चार महिने यांचा विचार करून जे येईल ते घ्यावे लागते, आणि तो ते घेतो म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. तुमचे घर मात्र पगारावर चालते. जुन्या काळी गवयाला संस्थानिकाचा आश्रय असायचा, तसा तुमच्या शैलीला तुमच्या नोकरीचा आश्रय आहे. तो असताना पूर्णवेळवाल्यांसारख्या सगळ्या ऑर्डरी घ्यायच्या आणि वर शैली राहत नाही म्हणून हळहळायचे, हे मला पटत नाही.

नोकरी करता करता या कलेत पाय रोवणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. लाला दीनदयाळ १८६६ साली रुडकीच्या थॉमसन कॉलेजातून बाहेर पडून इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागले, कॅमेरा हाती घेतला तो १८७४ च्या सुमारास, आणि मुंबईत स्वतःचा स्टुडिओ उघडला तो १८९६ मध्ये. आपल्या गौतम राजाध्यक्षांनी १९७४ पासून मुंबईतल्या एका जाहिरात संस्थेत नोकरी केली आणि १९८७ मध्ये पूर्णवेळ छायाचित्रणाकडे वळले. मधल्या काळातच चित्रपटसृष्टीतल्या चेहऱ्यांकडे पाहण्याची त्यांची मऊ, आदबशीर नजर तयार झाली होती. नोकरीच्या त्या वर्षांकडे वाया गेलेला काळ म्हणून पाहू नये.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. नोकरीच्या करारात बाहेरचे उत्पन्न घेण्यावर बंधन आहे का, ते एकदा वाचून घ्या. मी संस्थेची लेखी परवानगी सुरुवातीलाच घेतली होती. ती एक पानाची होती, पण तिच्यामुळे पुढे दोनदा अवघड प्रसंग टळले.

तुमच्या पत्रातला सर्वांत नाजूक भाग तुम्ही एका ओळीत उरकला आहे: “बहुतेकांना फोटोत गोरे करून हवे असते.” महाराष्ट्रात व्यक्तिचित्रे करणाऱ्या कोणालाही हा प्रश्न चुकलेला नाही, आणि स्थळासाठी फोटो काढायला येणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर तो ठरलेलाच असतो. माझ्याकडे एक वडील मुलीला घेऊन आले होते. मुलगी सावळी, बांधेसूद, बोलके डोळे. वडील मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, “सर, जरा उजळ करा. आता स्थळं यायला लागलीत.” मी तेव्हा नवा होतो, नाही म्हणण्याचे धैर्य नव्हते. मी त्वचेचा रंगच बदलला. प्रती न्यायला सगळे घर आले होते. मुलगी काही बोलली नाही. तिचा शाळकरी भाऊ मात्र फोटो पाहून खो खो हसला, “ताई, पावडरचा डबा सांडला काय गं?” वडिलांनी त्याला दटावले, पैसे दिले आणि ते गेले. ती फाइल मी अजून पुसलेली नाही.

त्यानंतर मी ‘उजळ’ आणि ‘गोरे’ हे दोन शब्द वेगळे केले. उजळ करणे हे प्रकाशाचे काम आहे आणि ते करायला माझी ना नाही. गोरे करणे हे रंग बदलण्याचे काम आहे आणि ते मी करत नाही. गंमत अशी, की उजळ हवे म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांना खरोखर उजळच हवे असते. सावळ्या त्वचेचे सौंदर्य तिच्यावर उमटणाऱ्या चकाकीत असते, तांब्याच्या भांड्यावर असते तसे. छोट्या उघड्या फ्लॅशने ती चकाकी कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर दोन तेलकट ठिपक्यांसारखी येते आणि उरलेला चेहरा मलूल दिसतो. त्याऐवजी मोठी खिडकी किंवा मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरे कापड लावलेली, प्रकाश मऊ करणारी पेटी) अगदी जवळ, दोन-अडीच फुटांवर आणा आणि चेहरा थोडा थोडा वळवत राहा; एका कोनात गालाच्या हाडावरून, नाकाच्या कडेवरून आणि खांद्यावरून प्रकाशाची एक रुंद, मऊ पट्टी सरकताना दिसेल. तिथे थांबा. दुसऱ्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर एक पांढरे धोतर टाका, म्हणजे सावलीची बाजू डोळ्यापुरती उघडेल. कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर काळ्या पार्श्वभूमीला भुलून चेहरा जळवणार, म्हणजे पांढराफटक करणार नाही, यासाठी मोजमाप गालावर घ्या. इतके केले की फोटो पाहून ‘उजळ आला’ असे घरचे आपणहून म्हणतात, आणि त्वचेच्या रंगाला कोणी हातही लावलेला नसतो.

या बाबतीत यंत्रेही निर्दोष नाहीत. रंगीत छपाईचा रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखले जाणारे नमुने पुरवत असे आणि अनेक दशके त्यांवर गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असायचा. आजच्या मोबाइलवरच्या ‘ब्यूटी’ बटणांनाही सुंदर म्हणजे फिकट असेच शिकवलेले दिसते. गुळगुळीत टचिंगही काही आजचे नाही. मला हे काम शिकवणारे स्टुडिओमालक उतरत्या काचेच्या डेस्कवर निगेटिव्ह ठेवून टोकदार शिसपेन्सिलीने देवीचे व्रण आणि सुरकुत्या भरायचे. पण त्यांचा एक नियम होता: जे पंधरा दिवसांत जाणार आहे ते आपण आज घालवायचे, जे माणसाबरोबर राहणार आहे ते ठेवायचे. म्हणजे मुरूम काढायचा, तीळ ठेवायचा. डोळ्यांखालचे जागरण हलके करायचे, हसण्याची रेघ ठेवायची. मी आजही टचिंगचे बोलणे करताना पार्टीला हाच नियम सांगतो आणि तो न पटलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

शैली टिकते ती मुख्यतः या आधीच्या बोलण्यात, फोटो काढताना नव्हे. मी मोबाइलवर काम दाखवत नाही. छापील वीस फोटोंची एक पेटी आहे, ती समोर ठेवतो आणि गप्प बसतो. ज्यांना ते गडद, जुनाट किंवा फार गंभीर वाटतात ते दहा मिनिटांत कळते, आणि मग मी त्यांना शहरातल्या दुसऱ्या दोन चांगल्या छायाचित्रकारांची नावे देतो. त्यात अपमान कोणाचाच नसतो, आणि ते दोघे माझ्याकडेही माणसे पाठवतात. दुसरे, मी त्यांना घरातला एक आवडता फोटो आणायला सांगतो, मग तो कोणाचाही आणि कितीही जुना असो. मोबाइलवर दाखवलेला फोटो त्यांना काय हवे ते सांगत नाही, सध्या काय चालते तेवढेच सांगतो. घरातला फोटो मात्र ‘फोटो’ म्हणजे त्यांच्या मनात काय आहे, ते सांगतो. पेटीत फक्त तेच काम ठेवा जे तुम्हाला पुन्हा करायला आवडेल. फिकट गुलाबी फोटो पैशासाठी एकदा काढला असेल तर हरकत नाही, पण तो दाखवलात की पुढच्या दहा ऑर्डरी तशाच येतील.

बोलणे झाले की ते कागदावर आणा. किती फोटो देणार, टचिंग कुठपर्यंत, पुन्हा छपाई झाल्यास खर्च कोणाचा, हे तर लिहाच. पण एक गोष्ट बहुतेक अर्धवेळ मंडळींना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, तसा वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे तुमचे सर्वोत्तम काम तुमच्याच पेटीत ठेवण्यासाठी तुम्हाला त्यांची परवानगी लागू शकते. ‘निवडक फोटो छायाचित्रकार आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकेल’ हे एक वाक्य करारात घाला आणि ते वाचून दाखवा. ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी ते खोडा. स्थळासाठी काढलेले फोटो मी परवानगी असली तरी दाखवत नाही, हा माझा वैयक्तिक नियम.

दोन शैली ठेवाव्यात का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे, पण त्याचा अर्थ समोरच्या माणसापुढे हट्ट धरावा असा नाही. काही वर्षांपूर्वी एका तालमीत मी एका सत्तरीतल्या वस्तादांचा फोटो काढायला गेलो होतो. आखाड्यातली तांबडी माती नुकतीच उकरलेली, तिला तेल-ताक-हळदीचा वास, आणि उंचावरच्या झरोक्यातून तिरपा येणारा एकच उजेड. माझ्या दृष्टीने याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. मी वस्तादांना झरोक्याच्या एका बाजूला बसवले, अर्धा चेहरा अंधारात ठेवला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना अभिमानाने फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि विचारले, “दुसरा कान कुठं हाय?”

मला आधी कळलेच नाही. मग त्यांनी भिंतीवरच्या त्यांच्या वस्तादांच्या फोटोकडे बोट केले. जुना, पिवळा पडलेला, समोरून काढलेला फोटो. फेटा नाही, मान ताठ, आणि दोन्ही बाजूंना मोडून गोळा झालेले कान स्पष्ट दिसत होते. पैलवानाचे कान लढतीत आणि सरावात घासून मोडतात. ते मोडायला वर्षे जातात, आणि मोडलेले कान हेच त्याचे मानपत्र असते. मी माझ्या शैलीसाठी त्यातले अर्धे मानपत्र अंधारात टाकले होते. मी त्यांना झरोक्याकडे तोंड करून बसवले, स्वतः झरोक्याच्या खाली भिंतीला टेकलो आणि तोच उजेड समोरून घेतला. दोन्ही कान आले, मांडीवर ठेवलेले मातीचे हातही आले, मागची तालीम अंधारात गेली. तो फोटो माझ्या पेटीत सर्वांत वर आहे. त्यात एका बाजूचा प्रकाश नाही, तरी तो माझाच आहे हे पेटी चाळणाऱ्या कोणालाही कळते.

तेव्हापासून माझी बैठकीची पद्धत ठरून गेली आहे. आधी त्यांच्या मनातला फोटो, पूर्ण मन लावून, तोंड वाकडे न करता. पदके घालून हवा तर पदके घालून, हसून हवा तर हसून. तो झाला की माणसाच्या खांद्यावरचा ताण उतरतो. मग कॅमेरा खाली ठेवायचा, पाणी द्यायचे, घरच्यांना चहाच्या निमित्ताने दुसऱ्या खोलीत पाठवायचे, आणि शेवटची पंधरा मिनिटे माझी. निवडीला बसल्यावर दोन्ही प्रकारचे फोटो मिसळून दाखवतो. माझ्या वाटणीचे फोटो ते दर वेळी निवडतात असे मुळीच नाही. निवडले नाहीत तर मी गप्प बसतो, पटवायला जात नाही.

टीका झाली म्हणजे शैली चुकली असेही नाही. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या कोलकात्यात जन्मलेल्या बाईंना १८६३ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने कॅमेरा भेट दिला. कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा त्यांनी स्टुडिओ केला. त्यांच्या चेहऱ्यांवरचा मुद्दाम ठेवलेला धूसरपणा तेव्हाच्या छायाचित्रणातल्या जाणत्यांना अडाणीपणा वाटला आणि त्यांनी तसे छापूनही आणले. बाईंनी तो सोडला नाही. मात्र त्या धूसरपणा ठरवून ठेवत होत्या. तुमच्या अल्बमातला काळोख ठरवून ठेवलेला होता की पडद्याच्या उजेडाने तुम्हाला फसवले, हे पहिल्या तपासणीतून कळेलच.

त्या अल्बमाचे आता काय करायचे ते सांगतो. घरच्यांना फोन करून अल्बम बदलून देतो म्हणून सांगा आणि त्यासाठी पैसे मागू नका. उजेड कमी केलेल्या पडद्यावर सगळे फोटो पुन्हा उघडा. एकदम सगळा फोटो वर उचलू नका, तसे केले की काळे रंग राखाडी होतात आणि दागिने फिके पडतात. चेहरा आणि शालू तेवढे निवडून साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतके, वर आणा, हिरव्या चुड्याचा हिरवा रंग दिसतो आहे ना ते पाहा, आणि पार्श्वभूमी आहे तशीच गडद राहू द्या. त्वचेच्या रंगाला हात लावू नका. तीन चाचणी प्रती घेऊन त्यांच्याच घरी जा आणि संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली, नवरीच्या हातात द्या. ती घरी असेल तर तिच्या आईच्या आधी तिला विचारा. शेवटच्या पानावर तुम्हाला सर्वांत आवडलेला, शांत, एका बाजूच्या उजेडातला एकच फोटो मोठा करून लावा. ते पान नको असे त्यांनी म्हटले, तर काढून टाका.